प्लेगची लस देणारे वाल्डेमार हाफकिन



पल्स पोलिओच्या रविवारी मिस्सा आटोपली की आपल्या धर्मग्रामातील अनेक आया लेकरांना कडेवर घेऊन थेट बूथकडे निघतात. अशाच एका रविवारी एका आजीबाईंनी आम्हाला विचारले होते की, ज्या जंतूने रोग होतो तोच जंतू लेकराच्या अंगात घालून रोग कसा टळतो? प्रश्न साधा होता, पण आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. त्यानंतर आम्ही थोडे वाचन केले आणि वाचता वाचता एका माणसाच्या चरित्राशी येऊन थांबलो. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन. मुंबईला परळमध्ये त्यांच्या नावाची संस्था आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांनी काय केले आणि त्याबद्दल त्यांना काय सोसावे लागले, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून या रविवारी त्यांची ओळख करून देत आहोत.

आपल्या खानदेशालाही ही कहाणी परकी नाही. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. जळगावात प्लेगची साथ आली तेव्हा त्यांचा थोरला मुलगा ओंकार त्या रोगातून वाचला, पण त्याला कायमचे अपंगत्व आले. ज्या रोगाने त्या माउलीच्या घरात दुःख आणले, त्याच रोगाशी हाफकिन मुंबईत लढत होते.

ओडेसाचा विद्यार्थी

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे, त्या काळी ते रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे याच मेचनिकोव्ह यांनी दाखवले आणि १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या काळी रशियात ज्यू वस्त्यांवर वारंवार हल्ले होत. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या गटात सामील झाले, जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांच्या खटपटीने त्यांची सुटका झाली. धर्म बदलला असता तर विद्यापीठात चांगली जागा मिळण्यासारखी होती. त्यांनी तो मार्ग धरला नाही. १८८८ मध्ये ते देश सोडून जिनिव्हाला गेले व पुढच्या वर्षी पॅरिसला आले. तेथील पाश्चर संस्थेत जागा मिळाली ती ग्रंथपालाची. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

विरजण आणि जंतू

हाफकिन यांचे काम समजायचे असेल तर जंतू कसे वाढतात हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरातच त्याचा दाखला आहे. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की सकाळी पातेलेभर दही तयार होते. त्या चमच्यातले जिवाणू रात्रभर वाढत राहतात. त्यांच्यात नर-मादी नसते. एक जिवाणू मोठा होतो, मधोमध आवळला जातो आणि एकाचे दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ. काही जिवाणूंना यासाठी वीस मिनिटे पुरतात. अन्न आणि ऊब मिळत राहिली तर अशा एका जिवाणूचे दहा तासांत १०७ कोटी होतील. थंडीच्या दिवसांत दही लागायला वेळ लागतो आणि आपल्या मे महिन्यात ते दुपारपर्यंत आंबट होते, याचेही कारण हेच. ऊब मिळाली की वाढ भराभर होते. प्लेगचा जिवाणू त्या मानाने सावकाश वाढतो, त्याला दुप्पट व्हायला तासाहून अधिक वेळ लागतो. पण शरीरात शिरल्यावर काही दिवसांत तोही माणसाला आडवा करतो.

ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टिनियन संन्याशाने वाटाण्याची रोपे लावून आईबापांचे गुण लेकरांत कसे उतरतात ते शोधले. मेंडेल १८८४ मध्ये वारले. वाटाण्यात गुण दोघांकडून येतात. जिवाणूत मात्र एकच जीव दुभंगतो, म्हणून दोन्ही अर्धे मूळ जिवाणूसारखेच असतात. आपल्या गुणांची नक्कल काढूनच तो दुभंगतो. नक्कल काढताना क्वचित एखादी चूक होते, आणि ती चूक पुढच्या साऱ्या पिढ्यांत जाते. चुकीमुळे कधी जंतू दुबळा होतो, कधी अधिक घातक.

हाफकिन यांच्या काळी नकलेचे हे गुपित कोणाला उलगडलेले नव्हते. पण गुण पिढ्यान्‌पिढ्या बदलत नेता येतात, हे पाश्चर यांच्या शिष्यांना अनुभवाने कळले होते. आपला शेतकरी ज्वारीची टपोरी कणसे निवडून बियाण्यासाठी बाजूला ठेवतो, तसेच काहीसे हाफकिन यांनी कॉलऱ्याच्या जंतूबाबत केले. जंतू एका गिनीपिगच्या पोटात वाढवायचा, तेथून दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. प्रत्येक वेळी तग धरून जोमाने वाढणारेच पुढे जात. असे करता करता ठरावीक ताकदीचा जंतू त्यांच्या हाती आला. दुसरीकडे, अधिक उष्णतेवर जंतू वाढवून त्यांनी त्याचा जोर कमी केला. आधी दुबळा जंतू टोचायचा आणि काही दिवसांनी जोमदार, अशी त्यांची लस होती. तोंडावाटे नव्हे, तर त्वचेखाली दिल्यामुळे कॉलरा होत नसे, आणि शरीर मात्र शत्रूची ओळख ठेवून तयारीत राहत असे. आजीबाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हाला येथे मिळाले.

१८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण ते बरे झाले. त्यानंतर त्यांच्या मित्रांनीही टोचून घेतले.

हिंदुस्थानात आगमन

कॉलऱ्याचे माहेरघर म्हणजे त्या काळचा बंगाल. १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला आले. येथील भाषा त्यांना येत नव्हती. ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते, त्यामुळे अनेक सरकारी डॉक्टर त्यांच्याकडे संशयाने पाहत. लोकांनाही सुईचे भय होते. हाफकिन यांनी सक्तीचा विचार केला नाही. त्यांच्या सोबतचे हिंदी डॉक्टर आधी स्वतः टोचून घेत आणि मग लोक पुढे येत. कलकत्त्याच्या बस्त्यांत, आसामच्या चहामळ्यांत, उत्तरेच्या छावण्यांत हिंडून सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी लस दिली. या भटकंतीत त्यांना हिवतापाने गाठले आणि १८९५ मध्ये विश्रांतीसाठी परत जावे लागले. पण ते फार दिवस थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी ते पुन्हा हिंदुस्थानात आले.

मुंबईत उंदीर पडू लागले

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात धान्याच्या गोदामांजवळ लोक तापाने मरू लागले. जांघेत, काखेत गाठी येत. त्या भागात दवाखाना चालवणारे मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी २३ सप्टेंबरला हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले आणि तसे जाहीर केले. आपल्याच कॅथलिक समाजातले हे डॉक्टर. त्यांचे म्हणणे आधी सर्वांना पटले नाही, पण ते खरे ठरले. मुंबई सोडून लोक जथ्याजथ्याने निघाले.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ऑक्टोबरात ते आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांड्याची जागा मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. येवढ्यावर काम सुरू झाले.

प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिन यांनी शोधला होता. तो भरपूर प्रमाणात वाढवायचा कसा, हा हाफकिन यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी काचेच्या चंबूत मांसाचा निवळ रस्सा घेतला आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. तरंगणाऱ्या तुपाच्या खाली प्लेगचे जिवाणू चिकटत आणि रश्श्यात खाली लोंबत वाढत जात. गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबतात तसे ते दिसत. चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवे सुळके धरू लागत. असे सुमारे सहा आठवडे चाले. मग तो सारा रस्सा तापवून जंतू मारून टाकत आणि राखण म्हणून थोडे कार्बॉलिक ॲसिड घालत. मेलेला जंतू वाढू शकत नाही, म्हणून रोग होत नाही. पण त्याचे अंग तेच असते, आणि शरीराला शत्रू ओळखायला तेवढे पुरते. आजीबाईंच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर ते हे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना सडकून ताप आला आणि काही दिवसांत उतरला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांना लस दिली गेली. लस घेतलेल्यांत आजारी पडणारे व मरणारे न घेतलेल्यांपेक्षा पुष्कळ कमी निघाले. ही लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, हे हाफकिन स्वतः जाणून होते. पण घराघरातून माणसे जात असताना तेवढाही आधार मोठा होता.

त्याच १८९७ सालच्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्याच पुण्यात घराघरात शिपाई घुसवून झडत्या घेतल्या गेल्या, लोक चिडले आणि जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सक्तीने काय होते ते सर्वांनी पाहिले. हाफकिन यांची लस मात्र ज्याच्या त्याच्या राजीखुशीवर होती. तरुण आगाखान यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, त्यामुळे त्यांच्या समाजातील भीती कमी झाली. त्यांनी प्रयोगशाळेसाठी आपली एक इमारतही दिली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. ही वास्तू पोर्तुगीज काळात ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ आणि प्रार्थनामंदिर होती, हे आपल्या वाचकांना ठाऊक असलेले बरे.

खानदेशची वाट

प्लेग मुंबईत थांबला नाही. रेल्वेने धान्य गेले, धान्यासोबत उंदीर गेले आणि उंदरांच्या अंगावरच्या पिसवा गेल्या. पिसवांमुळे प्लेग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. आपला खानदेश तर मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गावरच. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ही स्टेशने त्याच मार्गावर आहेत. धुळ्यालाही १९०० मध्ये चाळीसगावहून रेल्वे आली. धान्याच्या वखारी, कापसाचे जिन, बाजारपेठा, जेथे माल तेथे उंदीर. उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचे आणि शिवारात झोपड्या घालून राहायचे, हे महाराष्ट्रातील गावोगावच्या लोकांनी अनुभवाने शिकून घेतले. या साथीत देशभर एक कोटीहून अधिक माणसे दगावली. लसीची मागणी वाढतच गेली.

मलकोवालची बाटली

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगचा कहर झाला. तेथील सरकारला थोड्या अवधीत लाखो मात्रा हव्या होत्या. परळच्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस काम सुरू झाले. लवकर व भरपूर लस तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कृतीत बदल केला. जंतू उष्णतेने मारायचे, कार्बॉलिक ॲसिड मात्र घालायचे नाही, असे ठरले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या खेड्यात १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. त्यांपैकी एका बाटलीवर ५३ एन असा क्रमांक होता. त्या एका बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना सुमारे आठवड्याभराने धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. बाकीच्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

रोग टळावा म्हणून ज्यांनी विश्वासाने दंड पुढे केला, अशी ती १९ माणसे होती. त्यांच्या घरच्यांचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. हाफकिन यांनाही मोठा धक्का बसला. सरकारने चौकशी समिती नेमली. बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा तिचा निष्कर्ष निघाला. कार्बॉलिक ॲसिड न घालण्याचा निर्णय हाफकिन यांच्यावर शेकला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. ज्याने दोन रोगांची लस आधी स्वतःच्या अंगावर आजमावली, तो मनुष्य आता निष्काळजी ठरला. ते परदेशी होते, ज्यू होते, वैद्यकाचे पदवीधर नव्हते. या गोष्टी त्यांच्याविरुद्ध गेल्या असे पुढे अनेकांनी लिहिले आहे.

जंतूंनीच दिलेली साक्ष

पण सत्य त्या बाटलीतच होते, आणि ते जंतूंच्या वाढीच्या नियमाने बाहेर आले. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे.

धनुर्वाताचा जिवाणू मातीत, शेणात असतो. परिस्थिती प्रतिकूल असली की तो आपल्याभोवती टणक कवच करून बीजासारखा झोपून राहतो. हे बीज साध्या उष्णतेने मरत नाही. मोकळ्या हवेत तो वाढत नाही, पण हवा नसलेल्या जागी, उबेत, अन्न मिळाले की कवच फोडून बाहेर येतो आणि दुभंगत, वाढत जातो. वाढताना तो अत्यंत जहरी विष तयार करतो. त्याच्या वाढीने रश्श्याला दुर्गंधीही येते.

आता विचार करू या. ती बाटली मलकोवालला उघडण्याच्या कितीतरी दिवस आधी परळला भरून बंद केलेली होती. त्याच वेळी तिच्यात धनुर्वाताचे बीज पडले असते तर इतक्या दिवसांत ते वाढून कोट्यवधी झाले असते. बाटली विषाने भरली असती आणि उघडताच दुर्गंधी सुटली असती. पण लस टोचणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. दुसरी गोष्ट अशी की, तयार विष अंगात गेले असते तर रोगी फार लवकर आजारी पडले असते. येथे तर आठवडाभर काहीच झाले नाही. म्हणजे अंगात गेले ते थोडेसे बीज. ते शरीरात रुजले, वाढले, त्याने विष केले आणि मग रोग दिसला. याचा अर्थ, बीज बाटलीत पडले ते ती उघडतानाच.

चौकशीतील जबान्यांतच याचा पुरावा होता. त्या दिवशी बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो आगीवर धरून वा उकळून शुद्ध न करता, नुसता औषधी पाण्यातून काढून पुन्हा वापरला गेला. गावातल्या मातीत काय असते हे आपल्याला सांगायला नको.

मलेरियाच्या शोधाबद्दल नोबेल मिळवलेले सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू घेतली. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. आरोप सिद्ध झालेला नाही, उलट पुरावा त्याच्या विरुद्ध आहे, असा त्याचा आशय होता. अखेर त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा हिंदुस्थानात काम देऊ केले. पाच वर्षांनी डाग पुसला गेला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे म्हटली पाहिजे. कार्बॉलिक ॲसिड असते तर त्या बाटलीत पडलेल्या बीजाचे काय झाले असते, याचा विचार हाफकिन यांच्याही मनात आल्यावाचून राहिला नसेल, असे आम्हाला वाटते. त्यांच्यावरचा आरोप गेला, पण ती १९ माणसे परत आली नाहीत. कामाची घाई आणि एका क्षणाचे दुर्लक्ष, एवढेच पुरले.

परतणे आणि शेवट

मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. ते कलकत्त्याला रुजू झाले. प्लेगच्या लसीचे मोठे काम त्यांच्या हाती पुन्हा आले नाही. काही वर्षे त्यांनी शांतपणे अभ्यास केला आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हिंदुस्थानचा निरोप घेतला. त्यांनी लग्न केले नव्हते. उत्तरायुष्यात ते आपल्या पूर्वजांच्या धर्माचे नियम काटेकोरपणे पाळू लागले, त्यावर त्यांनी लिहिलेही. आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवली, आणि त्या शाळांत धर्माबरोबर विज्ञानही शिकवले जावे अशी इच्छा ठेवली. धर्म आणि विज्ञान यांत त्यांना भांडण दिसले नाही.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. ज्या जागेवरून त्यांना दूर केले होते, तिलाच त्यांचे नाव लागले. हे त्यांना जिवंतपणी पाहायला मिळाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज आपल्याला काय ठाऊक आहे

हाफकिन यांच्या हयातीत, १९२८ मध्ये, इंग्लंडमधील ग्रिफिथ यांना एक नवल आढळले. मेलेल्या घातक जिवाणूंचा गुण शेजारच्या जिवंत, निरुपद्रवी जिवाणूंत उतरत होता. म्हणजे जिवाणू केवळ आपल्या वंशजांनाच गुण देतात असे नाही, तर शेजाऱ्याकडूनही घेतात. १९४४ मध्ये कळले की हा गुण वाहून नेणारा पदार्थ म्हणजे डीएनए. अशाच देवाणघेवाणीतून आज औषधांना न जुमानणारे जंतू पसरत आहेत. म्हणून डॉक्टरांनी दिलेला गोळ्यांचा कोर्स पुरा करावा, आणि स्वतःच्या मनाने त्या गोळ्या आणून घेऊ नयेत.

प्लेगच्या जिवाणूची संपूर्ण जनुकीय माहिती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तो मूळचा पोटाचा साधा विकार करणाऱ्या एका जिवाणूच्या कुळातला. काही हजार वर्षांपूर्वी त्याने बाहेरून डीएनएची काही छोटी कडी मिळवली. त्यांतील एका जनुकामुळे तो पिसवेच्या आतड्यात जगू लागला, आणि तेथून त्याची वाट उंदरांकडे व माणसांकडे मोकळी झाली.

विषाणूंची गोष्ट आणखी वेगळी. जिवाणू स्वतः दुभंगू शकतो, विषाणूला तेही जमत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि पेशीलाच आपल्या नकला काढायला लावतो. २०२० नंतर कोरोनाची नवनवी रूपे का येत राहिली, याचे कारण या नकलांत होणाऱ्या चुका हेच होते.

प्लेगवर आज प्रतिजैविके आहेत. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आल्यावर लाखो लोक भीतीने शहर सोडून निघाले. खानदेशातील कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेला असतात, त्यामुळे आपल्याकडेही काळजी पसरली होती. पण औषधे हाताशी होती आणि साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. बहिणाबाईंच्या काळी हे भाग्य नव्हते.

आणि ज्या धनुर्वाताने मलकोवालची १९ माणसे गेली, त्याची लस आज प्रत्येक बाळाला सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, मग दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान व पाच-सहा वर्षांचे झाल्यावर बूस्टर, आणि १० व १६ व्या वर्षी टीडीचे इंजेक्शन. बाळंतिणी आणि नवजात बाळांना होणारा धनुर्वात आपल्या देशातून २०१५ मध्ये हटल्याचे जाहीर झाले.

आम्हाला त्या आजीबाई पुन्हा भेटल्या तेव्हा आम्ही त्यांना विरजणाचे आणि तुपाच्या थेंबांचे सांगितले. त्यांना ते चटकन समजले. त्या म्हणाल्या त्याचा अर्थ असा की, भांडे स्वच्छ नसेल तर दूध नासते, मग सुईचे भांडे तर किती जपले पाहिजे. चौकशी समितीला जे उमगले नाही, ते त्यांनी एका वाक्यात ओळखले.

आपल्या घरातील दहा आणि सोळा वर्षांच्या मुलामुलींचे टीडीचे इंजेक्शन राहिले असेल तर या आठवड्यात अवश्य चौकशी करा. शेतात काम करताना खिळा, काटा, विळा लागला तर जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि परळवरून कधी जाणे झाले, तर त्या जुन्या मठाच्या वास्तूकडे पाहून हाफकिन यांची आणि मलकोवालच्या त्या १९ जणांची आठवण करा.